हप्ता मागायला येणारा पोरगा

मंडळी, मायक्रोफायनान्सचा विषय निघाला की आमच्या घरात दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, बायका कर्ज बुडवतात. दुसऱ्याचं, वसुलीला येणारी पोरं दांडगट. मला दोन्ही पटत नाही. मोटरसायकलवरून हप्ता मागायला येणारा पोरगाही बहुधा खेड्यातलाच. दारात तो कसा बोलणार, हे त्याच्या वरच्या ऑफिसात ठरलेलं असतं.

२०१०चं आंध्र प्रदेश आठवा. ऑगस्टमध्ये एसकेएस मायक्रोफायनान्स शेअर बाजारात आली, ९८५ रुपयांना एक शेअर. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारला या कंपन्यांविरुद्ध वटहुकूम काढावा लागला! झालं असं, की कंपन्यांना भराभर वाढायचं होतं. म्हणून नव्या कर्जांची टार्गेटं. घरी जाऊन मिळकतीची चौकशी करत बसणारा कर्मचारी मागे पडणार, न विचारता कर्ज देणारा पुढे. एकेका बाईच्या नावावर तीन-तीन कंपन्यांची कर्जं, एकीचा हप्ता दुसरीच्या पैशातून. वसुली मात्र पूर्ण हवी. गटात एकीला बाकीच्या जामीन, म्हणजे दमदाटीही शेजारणींकडूनच. आत्महत्यांच्या बातम्या आल्या, दारात जाऊन वसुलीला बंदी झाली, आणि कागदावर ९९ टक्के दिसणारी वसुली कोसळली.

(टार्गेट काय करतं, ते आम्हा शिक्षकांना विचारा. अल्पबचतीची टार्गेटं आम्हालाही असत. मार्च उजाडला की भल्या-भल्या मुख्याध्यापकांचा आवाज बदलायचा.)

याउलट बांगलादेशची ग्रामीण बँक. १९९८च्या महापुरानंतर तिचीही वसुली घसरली होती. पण पुढे व्यवस्थापनाने नियमच बदलले. अडलेल्या बाईला मुदत वाढवून, हप्ता लहान करून देण्याची सोय केली. आता कर्मचाऱ्याच्या हातात धमकीशिवाय दुसरं काहीतरी आलं.

आपल्या रिझर्व्ह बँकेलाही हे उमगलं असावं. आंध्रनंतरच्या तिच्या नियमांत असं आलं, की कर्मचाऱ्याचा मोबदला ठरवताना नुसती कर्जांची संख्या आणि वसुली न बघता सेवेला आणि कर्जदाराच्या समाधानाला जास्त वजन द्यावं. २०२२च्या नियमांनी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायलाही मनाई केली. फोनची वेळ घड्याळात दिसते हो, समाधान कोण मोजणार?

आपल्या गोतावळ्यातलं कुणी या नोकरीत असेल तर सांगा, तुमच्या शाखेत इन्सेंटिव्ह नक्की कशावर मिळतो?