कोणीतरी सांगितलंच असेल!

मी पडले कॉन्व्हेंटवाली. दहावीपर्यंत मराठी हा माझ्यासाठी फक्त पास होण्याचा विषय. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख दे म्हटल्यावर पोटात गोळाच आला. चुका झाल्या तर सांभाळून घ्या! विषय मात्र आपल्या मेसच्या टेबलावरचाच आहे.

१३ जुलै २०२४. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावी डोनाल्ड ट्रम्प यांची प्रचारसभा चालू होती. संध्याकाळी ६ वाजून ११ मिनिटांनी त्यांच्यावर आठ गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी ट्रम्प यांच्या उजव्या कानाला चाटून गेली. सभेला आलेला एक माणूस बायको-मुलींना आडोसा देताना गेला, दोघे गंभीर जखमी झाले. हल्लेखोर तिथेच मारला गेला. अजूनही हा विषय निघाला की मेसमध्ये दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "आतल्या लोकांचाच हात असणार. नाहीतर एवढ्या सिक्युरिटीत कोणी छपरावर चढेल का?" दुसरी म्हणते, "सगळं नाटक, मतांसाठी!" भाजी गार होते, पण निकाल लागत नाही.

मला दोन्ही पटत नाही. चौकशीत जे बाहेर आलं ते जरा बघा.

हल्लेखोर ज्या छपरावर होता ते स्टेजपासून साधारण १३० मीटरवर. म्हणजे आपल्या गेटपासून मेसपर्यंत! तरी ते सीक्रेट सर्व्हिसच्या आतल्या कड्यात धरलेलं नव्हतं. ते लोकल पोलिस बघतील, अशी समजूत. लोकल पोलिस त्याच आवारात होते, पण इमारतीच्या आत, खिडकीशी. छपरावर कोणीच नाही. दुपारी चारच्या सुमारास त्या मुलाने सभेच्या जागेजवळ ११ मिनिटे ड्रोन उडवला. ड्रोन ओळखणारी यंत्रणा नेमकी तेव्हा बिघाडामुळे बंद. लोकल स्नायपरना तो तासभर आधीच संशयास्पद वाटला होता. त्यांनी फोटो काढले, त्याच्याकडे रेंजफाइंडर आहे हेही पाहिलं, मेसेज पाठवले. पण दोन्ही फौजांचे कंट्रोल रूम वेगळे, रेडिओ वेगळे. निरोप ह्याच्याकडून त्याच्याकडे फिरत राहिला, आणि इकडे भाषण सुरू झालं.

छप्पर उतरतं होतं म्हणून वर माणूस ठेवला नाही, असं कारण सीक्रेट सर्व्हिसच्या प्रमुख किंबर्ली चीटल यांनी मुलाखतीत दिलं. त्यांचे स्वतःचे स्नायपर त्याच मैदानात उतरत्या छपरावर होते! दहा दिवसांनी, २३ जुलैला, त्यांनी राजीनामा दिला. अमेरिकी संसदेच्या समितीने डिसेंबर २०२४ मध्ये स्पष्ट म्हटलं की हे टाळता आलं असतं.

आता मेसमधले मित्र म्हणतील, "इतके योगायोग एकाच दिवशी?" मला तर हे वेगवेगळे योगायोग वाटतच नाहीत. चूक एकच आहे, पुन्हा पुन्हा झालेली. प्रत्येकाला वाटलं, दुसरा बघतोय. जेम्स रीझन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने अपघातांसाठी चीजच्या चकत्यांचं उदाहरण दिलं आहे. प्रत्येक चकतीला भोकं असतातच. एरवी एकाचं भोक दुसरी झाकते. सगळी भोकं एका रेषेत आली की संपलं.

आणि हे मी फुशारकीने सांगत नाहीये. गेल्या हिवाळ्यात आमच्या मजल्यावरच्या गीझरच्या नळाला हात लावला की झिणझिण्या यायच्या. सगळ्यांना माहीत होतं. मी थर्ड इयर इलेक्ट्रिकल, अर्थिंगचा फॉल्ट आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं. मी काय केलं? रूम पार्टनरला सांगितलं, "चप्पल घालून जात जा." बस्स! आठवड्याने फर्स्ट इयरची एक मुलगी शॉक लागून पडली, हाताचं हाड मोडलं. रेक्टर मॅडम म्हणाल्या, "मला कोणीच सांगितलं नाही गं." तक्रारवहीचं पान कोरं होतं. त्या वेळी कोणी म्हटलं नाही की ह्यामागे मोठा कट आहे.

कटाची गोष्ट आपल्याला आवडते, कारण त्यात दोष कुठल्यातरी व्हिलनचा असतो. आपला नसतो.

एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. तो हल्लेखोर वीस वर्षांचा होता, माझ्याच वयाचा. दोनच महिने आधी त्याने इंजिनिअरिंग सायन्सचा दोन वर्षांचा कोर्स पूर्ण केला होता. त्याने हे का केलं याचं धड उत्तर तपासातही मिळालं नाही. पण कसं केलं ते साधं आहे. बाकीच्यांनी एकमेकांवर सोडून दिलेली जागा त्याने स्वतः जाऊन बघितली. सिस्टीमची इतकी बारीक पाहणी करणारा त्या दिवशी तो एकटाच होता, हे मला सगळ्यात भयंकर वाटतं.

आपण उद्या पूल बांधू, सबस्टेशन चालवू, सॉफ्टवेअर लिहू. तिथेही "मी बोललो होतो" पुरणार नाही. समोरच्याला कळलं का, तो काय करणार, कधी करणार, एवढं विचारल्याशिवाय निरोप पूर्ण होत नाही.

तक्रारवही रेक्टर ऑफिसच्या बाहेर दोरीला बांधलेली आहे. पेन नसतं, आपलं घेऊन जा.