यंत्रमानव होण्याआधी

नावारूपाला आलेल्या माणसांच्या दोन जाती असतात. एक जात आपल्या उमेदवारीच्या गोष्टी आल्यागेल्याला ऐकवीत बसते. दुसरी त्या दिवसांना कुलूप घालते आणि किल्ली विहिरीत टाकते. कवींत ही दुसरी जात विपुल. आपला पहिला संग्रह कुठे मिळत नाही हे ऐकून ज्यांचा चेहरा खुलतो, असे कवी मी पाहिले आहेत. पण ज्याच्या तालावर अर्ध्या जगाने पावले टाकली, अशा एका वाद्यवृंदानेही हेच करावे, ही हकिकत बऱ्याच वाचकांना नवी वाटेल. यंदा या सदरात तीच सांगायची आहे.

हा वृंद जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ शहरचा. नाव 'क्राफ्टवेर्क', म्हणजे वीजघर. राल्फ हुटर आणि फ्लोरियान श्नायडर हे त्याचे संस्थापक. कॉलेजात असताना वसतिगृहातल्या एका मित्राच्या कॅसेटवर मी त्यांना प्रथम ऐकले, आणि तेव्हापासून मी त्यांच्या भक्तमंडळींपैकी एक आहे. सगळे संगीत यंत्रांचे, पण कसे नीटनेटके! धुऊन, खळ घालून, इस्त्री केलेल्या सदऱ्यासारखे. १९७८ च्या 'मनुष्य-यंत्र' या ध्वनिमुद्रिकेत तर त्यांनी आपण यंत्रमानव आहोत असेच जाहीर केले आणि पुढे रंगमंचावर स्वतःच्या जागी यांत्रिक पुतळे उभे केले. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या आफ्रिका बंबाटाने १९८२ साली 'प्लॅनेट रॉक' केले, ते यांच्या 'ट्रान्स-युरोप एक्सप्रेस'ची चाल आणि 'नंबर्स'चा ठेका घेऊन. डेट्रॉइटच्या तरुणांनी पुढे टेक्नो नावाचे जे नृत्यसंगीत घडवले, त्याचेही एक मूळ येथेच सापडते. आपल्याकडे वरातीत यंत्राचा जो ठेका छातीत दणाणतो, त्याचे कूळ शोधायला निघालो तर एक वाट या वीजघरावरून जाते.

२००९ साली या मंडळींनी आपल्या आठ ध्वनिमुद्रिकांचा नव्याने सजवलेला संच काढला. त्यातली पहिली १९७४ ची, 'आउटोबान'. म्हणजे घराण्याची वंशावळ तेथून सुरू! पण त्याआधीच्या तीन ध्वनिमुद्रिका कुठे गेल्या? १९७०, १९७२ आणि १९७३ साली निघालेल्या या तीन भावंडांना संचात जागा नाही. सीडीवर त्यांची अधिकृत आवृत्तीही कधी निघाली नाही. १९९० नंतर चोरट्या प्रती निघाल्या, जुन्या तबकड्या हौशी लोकांच्या कपाटात राहिल्या, आणि आता इंटरनेटच्या कृपेने त्या कोणालाही ऐकता येतात.

माझ्या एका विद्यार्थ्याने मला त्या आणून दिल्या. "सर, तुमचेच देव आहेत. ओळखतात का बघा," एवढेच म्हणाला. रात्री जेवणे आटोपल्यावर मी पहिली लावली. 'रुक्त्सुक' हे तिच्यातले पहिलेच वादन. शब्दाचा अर्थ झटपट. आणि वाचकहो, ऐकू काय यावे? बासरी! आपली आडवी बासरी नव्हे, विलायती धातूची, पण बासरीच. तुटक तुटक श्वासांची, एकावर एक सूर रचत जाणारी, आणि मागे हाडामांसाच्या माणसाने बडवलेला ढोल. आमच्या सौभाग्यवती ओटा पुसता पुसता बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, कोण हो हा? किती जीव तोडून फुंकतोय!"

फुंकणारा होता श्नायडर. रंगमंचावर लाकडी चेहऱ्याने उभा राहणारा, यंत्रांचा तो प्रसिद्ध श्नायडर. जीव तोडून फुंकणे त्याला ठाऊक होते, हे मला त्या रात्री कळले.

दुसरी ध्वनिमुद्रिका याहून बोलकी. पहिलीच्या वेष्टनावर रस्ता अडवायला ठेवतात तसला नारिंगी शंकू. दुसरीवर तोच शंकू हिरवा. हिच्यावर ढोल वाजवणारा कोणी नाही. 'क्लिंगक्लांग' हे सतरा मिनिटांहून अधिक लांबीचे वादन चालते ते ठेका धरणाऱ्या एका पेटीवर, आणि मध्येच त्या ठेक्याची लय बदलते. जणू घरात नवे घड्याळ आले आहे आणि मुले त्याचे काटे पुढेमागे करून पाहत आहेत. त्या ठेक्यावर बासरी निवांत फिरते. ज्या जोडीने पुढे यंत्राला गादीवर बसवले, तिच्या घरी यंत्र आले ते असे, गेलेल्या माणसाची जागा धरायला.

तिसरीचे नाव 'राल्फ आणि फ्लोरियान'. मागच्या बाजूला छायाचित्र आहे: वाद्यांच्या पसाऱ्यात दोघे समोरासमोर बसले आहेत आणि दुकानाच्या पाटीसारखी निऑनची नावे प्रत्येकापुढे उजळली आहेत. यातल्या एका वादनाचे नावच 'टान्त्समुझीक', म्हणजे नृत्यसंगीत. १९७३ सालीच जर्मन दूरचित्रवाणीवर ते सादर झाले, तेव्हा वोल्फगांग फ्ल्युर नावाचा तरुण विणायच्या सुयांसारख्या धातूच्या काड्यांनी विजेचे तालवाद्य वाजवीत होता, आणि ते वाद्यही बाजारातून आणलेले नव्हे, स्वतः जुळवलेले. जगाला नाचवणाऱ्या यंत्राचा जन्म असा घरगुती आहे. 'आउटोबान'मध्येही बासरी अजून ऐकू येते. पुढे मात्र ती पेटीत गेली.

मग त्यांनी ही तीन वर्षे का झाकावीत? कारण समजण्यासारखे आहे. देऊळ बांधून झाले की बांबूंची परांची काढून टाकतात. कळसाशेजारी ती कोणी ठेवीत नाही. काय ठेवायचे आणि काय मोडायचे, हा कलावंताचा हक्क आहे, आणि तो मला मान्य आहे.

तरीही वर्गात शिकवणाऱ्या माणसाची एक अडचण असते. मुलांच्या हाती पडते ती बांधीव पुस्तकातली, छापून आलेली कविता. ती आकाशातूनच अशी उतरली, असे त्यांना वाटते आणि ती आपली वही मुकाट्याने मिटून ठेवतात. त्यांना खोडलेल्या ओळी दाखवाव्या लागतात. तुकोबांची इंद्रायणीत बुडवलेली गाथा तरंगून वर आली, असे आपण श्रद्धेने सांगतो. या तीन तबकड्या कर्त्यांनीच बुडवल्या, पण कुणी ना कुणी जपून ठेवल्या म्हणून तरल्या. त्यांच्यासोबत माणसांची नावेही तरली: पहिलीवर ढोल वाजवणारे आन्द्रेआस होमान आणि क्लाउस डिंगर, आणि तिन्ही घडवण्यात हात असलेला कॉनी प्लांक. वंशावळ उशिरा सुरू केली की अशी नावे आधी गळतात.

श्नायडर २००८ साली वृंदातून बाहेर पडला आणि २०२० च्या एप्रिलमध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी गेला. त्याच्या फुंकरीचा मोठा भाग याच तीन तबकड्यांत आहे. त्यांची एक स्वच्छ, अधिकृत आवृत्ती निघावी, वादकांची नावे आणि साले नीट छापून. कर्त्यांना वाटले तर वर 'कच्चे काम' अशी पाटी लावावी; आमची हरकत नाही.

तोपर्यंत, दिवाळीच्या सुटीत घरातल्या तरुण मुलांना एक उद्योग सांगा. आधी १९७८ चे यंत्रमानव ऐकायचे आणि मग एकेक पायरी मागे जात १९७० च्या बासरीपर्यंत पोचायचे. तास-दोन तासांचे काम आहे. मूल वाजवणारे किंवा लिहिणारे असेल, तर त्याला त्यानंतर उपदेशाची गरज पडणार नाही.