नवें बिनतारी यंत्र: घाई कोणीं करावी?

नव्या वस्तूची आवड मनुष्याच्या ठायीं मूळचीच आहे, आणि ती सर्वस्वी निंद्य आहे असें कोणी म्हणणार नाहीं. ही आवड नसती तर विजेचा दिवा घरांत आलाच नसता. परंतु नवी वस्तु जगांत येणें निराळें आणि ती पहिल्याच वर्षीं आपल्या घरांत आणणें निराळें. या भेदाचा अलीकडे घरोघर विसर पडत चालला आहे. उदाहरणादाखल, बाहेरून तारेनें आलेलें इंटरनेट घरभर बिनतारी पोंचविणारें जें लहानसें यंत्र, ज्यास राउटर म्हणतात, त्याचाच विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

मधल्या सुटींत "आमच्या घरीं वाय-फाय सात आलें" हें वाक्य आतां ऐकूं येऊं लागलें आहे. तें ऐकून दुसरा विद्यार्थी घरीं हट्ट धरतो व "आपलें यंत्र जुनें झालें, म्हणून माझा अभ्यास अडतो" असें सांगतो. ज्या पालकांस या विषयाची माहिती नसते, ते मुलाचें नुकसान नको म्हणून, हप्त्यानें का होईना, महागडें यंत्र घेतात. पुष्कळ घरीं तेवढ्या पैशांत मुलाचीं वर्षाचीं पुस्तकें व वह्या येतात. म्हणून हा प्रश्न केवळ यंत्राचा नाहीं. घरच्या जमाखर्चाचा व विवेकाचाहि आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहूं. आय-ट्रिपल-ई या अभियंत्यांच्या संस्थेनें या बिनतारी पद्धतीचें पहिलें मानक १९९७ सालीं प्रसिद्ध केलें. त्याचा वेग सेकंदास फार तर २ मेगाबिट होता. पुढें १९९९, २००३, २००९, २०१३ व २०२१ या सालीं नवनवीं मानकें आलीं व वेग वाढत गेला. त्यांचीं नांवें म्हणजे ८०२.११ एन, ८०२.११ एसी अशीं अक्षरांचीं कोडीं. सामान्य माणसाच्या तीं ध्यानांत राहीनात, म्हणून वाय-फाय अलायन्स या संघटनेनें २०१८ सालीं त्यांस चार, पांच, सहा असे अंक दिले. सोय झाली खरी. परंतु अंकाचा एक दोष असा कीं, सात हा सहापेक्षां मोठा, म्हणून तो आपल्यापाशीं असलाच पाहिजे, असें मनास उगीच वाटूं लागतें.

घाईचें फळ कसें मिळतें हें 'एन' मानकाच्या वेळीं दिसून आलें. तें मानक सप्टेंबर २००९ मध्यें पुरें झालें. परंतु २००४ पासूनच कांहीं कारखानदारांनीं 'प्री-एन' नांवाचीं यंत्रें विकावयास काढलीं. एका कारखान्याचें यंत्र दुसऱ्याच्या यंत्राशीं त्या वाढीव वेगानें बोलेना. शेवटीं २००७ सालीं मसुद्याच्या दुसऱ्या आवृत्तीवरून प्रमाणपत्रें देण्यास आरंभ झाला, तेव्हां कोठें गोंधळ कमी झाला. त्यापूर्वीं ज्यांनीं खरेदी केली, त्यांनीं अधिक पैसा देऊन अर्धवट वस्तु घेतली. वाय-फाय सातच्या वेळीं तेवढी फजिती झाली नाहीं, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. तथापि क्रम तोच राहिला: यंत्रें २०२३ सालीं दुकानांत आलीं, प्रमाणपत्रें जानेवारी २०२४ पासून मिळूं लागलीं, आणि ज्यावर हें सर्व आधारलेलें तें ८०२.११ बीई मानक २०२५ सालीं प्रसिद्ध झालें.

आतां या यंत्रांत नवें काय आहे? मुख्य गोष्टी तीन. पहिली, लहरींचा मार्ग १६० मेगाहर्ट्झऐवजीं ३२० मेगाहर्ट्झ रुंद करतां येतो. रस्ता दुप्पट रुंद झाला म्हणजे गाड्याहि दुप्पट जातात, तशांतला हा प्रकार. दुसरी, प्रत्येक संकेतांत पूर्वीं १० बिट बसत, तेथें आतां १२ बसतात. म्हणजे एक पंचमांश लाभ, परंतु तो यंत्राच्या जवळ बसणाऱ्यासच मिळतो, कारण इतके बारीक संकेत दूर जातां जातां ओळखूं येईनासे होतात. तिसरी गोष्ट आमच्या मतें सर्वांत उपयोगी आहे. पूर्वीं एका वेळीं एकाच लहरीपट्ट्यानें निरोप जाई. आतां दोन पट्ट्यांनीं एकदम नेतां येतो, म्हणजे एका वाटेवर गर्दी झाली तर दुसरी मोकळी असते. ही कल्पकता कौतुकास्पद आहे यांत संशय नाहीं. मात्र तिन्ही गुण दिसण्यास समोरचा मोबाइल किंवा संगणकहि त्याच पिढीचा असावा लागतो. जुन्या मोबाइलास नवें यंत्र म्हणजे बहिऱ्यापुढें गाणें.

शिवाय आपल्या देशापुरती आणखी एक अडचण होती. ३२० मेगाहर्ट्झचा रुंद मार्ग ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांतच मांडतां येतो. अमेरिकेनें एप्रिल २०२० मध्यें त्या पट्ट्याचे १२०० मेगाहर्ट्झ परवान्यावांचून वापरण्यास मोकळे केले. भारत सरकारनें खालच्या ५०० मेगाहर्ट्झपुरता नियमांचा मसुदा मे २०२५ मध्यें प्रसिद्ध केला; तोंपर्यंत हा पट्टा येथील घरांस खुला नव्हता. अर्थात् ज्यांनीं २०२४ सालीं हें यंत्र हौसेनें आणलें, त्यांनीं कायद्यानें न उघडलेल्या रस्त्याचा कर आधींच भरला असें म्हणावें लागतें. आणि ५०० मेगाहर्ट्झांत हा रुंद मार्ग एकच बसतो. १२०० मध्यें तीन बसतात. परदेशांतील स्तुतिपाठ वाचून येथें खरेदी करणाऱ्यानें हा फरक ध्यानांत घ्यावा.

याहून महत्त्वाची गोष्ट घरांतलीच आहे. बाहेरून येणारी जोडणी जर सेकंदास १०० मेगाबिटांची असेल, तर घरांतील यंत्रावर हजारांचे आंकडे छापलेले असले तरी इंटरनेट शंभराहून अधिक वेगानें येणार नाहीं. नळ कितीहि मोठा बसविला तरी टाकींतून येणारी धार वाढत नाहीं. शंभर मेगाबिट वाहून नेण्यास दोन पिढ्यांमागील चांगलें यंत्रहि पुरेसें आहे. दुसरें असें कीं, लहरींची कंपनसंख्या जों जों अधिक, तों तों भिंतींतून पार होण्याची त्यांची शक्ति कमी. २.४ गिगाहर्ट्झची लहर वेगानें मंद असली तरी आंतल्या खोलीपर्यंत जाते. ६ गिगाहर्ट्झची लहर जाड दगडी किंवा सिमेंटच्या भिंतीपुढें लवकर थकते. मग दूरच्या खोलींत अभ्यास करणाऱ्या मुलाची तक्रार नव्या यंत्रानें जाईलच असा भरंवसा कोणीं द्यावा?

येथें कोणी असा आक्षेप घेतील कीं, सर्वांनींच थांबावयाचें ठरविलें तर नवी वस्तु पुढें यावी कशी? आक्षेप रास्त आहे. पहिल्या गिऱ्हाइकांमुळेंच दोष उघडकीस येतात, त्यांच्याच पैशावर किंमती खालीं येतात, आणि मागून येणाऱ्यांस निर्दोष वस्तु स्वस्त मिळते. त्यांचे आपण ऋणी आहों. परंतु तें काम ज्यास पैशाची सवड, विषयाची जाण व बिघाड सोसण्याची तयारी आहे, त्यानें करावें. ज्याच्या घरीं एक गिगाबिटाची जोडणी आहे, किंवा ज्याचा व्यवसाय घरांतल्या घरांत मोठमोठे चित्रपट इकडून तिकडे पाठविण्याचा आहे, त्यासहि तें शोभतें. मासिक वेतनावर ज्याचा संसार, आणि बंद पडलेलें यंत्र ज्याच्या मुलाचा उद्यांचा पाठ बुडवील, त्यानें दुसऱ्याच्या प्रयोगाचा खर्च आपल्या अंगावर कां घ्यावा?

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. ज्या यंत्रास कारखान्यानें दुरुस्तीचीं अद्ययावत् रूपें देणें बंद केलें आहे, तें बदलावेंच. येथें काटकसर म्हणजे दाराचें मोडकें कुलूप तसेंच ठेवणें होय. परंतु डब्ल्यूपीए-३ ही नवी संरक्षणपद्धति वाय-फाय सहाच्या साध्या यंत्रांतहि मिळते. म्हणजे जुनें काढण्यास हें कारण पुरेसें आहे, सर्वांत नवें घेण्यास नव्हे. आणि "आज घेतलें कीं पुढें चिंता नको" असें जे म्हणतात, त्यांनीं हें पाहावें कीं, ८०२.११ बीएन या पुढच्या मानकाचें काम सुरू झालेलेंच आहे. या शर्यतीस शेवट नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, हट्ट धरण्यापूर्वीं एक प्रयोग करा. तारेनें राउटरला संगणक जोडून वेग मोजा. नंतर त्याच संगणकानें, तार काढून, राउटरजवळ मोजा. शेवटीं अभ्यासाच्या खोलींत मोजा. सकाळीं, दुपारीं व रात्रीं असें तीनदां करून आंकडे वहींत मांडा. तारेवरच वेग कमी असेल तर दोष बाहेरच्या जोडणीचा. त्यास नवा राउटर हें औषध नव्हे. जवळ वेग चांगला व खोलींत कमी असेल, तर यंत्र लोखंडी कपाटामागून काढून घराच्या मध्यभागीं, उंचावर, मोकळ्या जागीं ठेवा व पुन्हां मोजा. पुष्कळ तक्रारी येथेंच मिटतात. जवळहि वेग कमी, तारेवर मात्र चांगला, असें आढळलें तर आणि तरच यंत्र बदलण्याचा विषय वडिलांपुढें काढा, आणि आंकड्यांची वही बरोबर न्या.

पालकांसहि आमची विनंति आहे. मुलानें मागितलें म्हणून देऊं नये आणि मागितलें म्हणून रागावूंहि नये. "मोजून दाखव" एवढेंच म्हणावें. मोजण्याची ही संवय एकदां लागली, तर ती पुढें राउटरापुरती राहणार नाहीं. घर घेतांना, औषध घेतांना, मत देतांनाहि तिचा उपयोग होईल. शेजाऱ्याकडे काय आहे याऐवजीं आपल्यास काय उणें आहे असें जो मुलगा प्रथम विचारतो, त्याच्या शिक्षणावर झालेला खर्च सार्थकीं लागला असें आम्ही समजूं.