घरची शाळा : आधी शेंगदाणे, मग वही



"मॅडम, मी कुठं शिकलेय? मी काय शिकवणार पोराला?" पालकसभेत एका आईने मला विचारलं. ती घरी विड्या वळते. मुलगा तिसरीत, गुणाकाराला अडलेला. मी विचारलं, "पंचवीसच्या किती जुड्या झाल्या की शंभर विड्या होतात?" ती लगेच म्हणाली, "चार. अन् हजाराला चाळीस." हाच तर गुणाकार! तो तिला येत होता, पण तो 'अभ्यास' आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तंबाखूला मुलाचा हात लागायला नको, म्हणून मी शेंगदाणे सुचवले. पंचवीस-पंचवीसचे चार ढीग करायचे आणि मोजायचे. आठवड्याने तो मुलगा स्वतःच म्हणाला, "25 × 4 म्हणजे चार ढीग."

डीएडला आपण 'मूर्ताकडून अमूर्ताकडे' हे सूत्र पाठ केलं. वर्गात मात्र आपण थेट फळ्यावरच्या अंकांपासून सुरुवात करतो. ताराबाई मोडकांनी माँटेसरी पद्धत बोर्डी-कोसबाडच्या मुलांपर्यंत नेली, तेव्हा महागड्या साधनांऐवजी बिया, शंख-शिंपले वापरले. आपल्या सोलापुरात 2020 च्या टाळेबंदीत नीलमनगरच्या आशा मराठी विद्यालयाने घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता, त्या मुलांना गल्लीतच अभ्यास मिळाला. पद्धत नवी असली तरी साधनं घरातलीच चालतात.

या आठवड्यात यातला एकच उपक्रम करून बघा :

1. दशक-एकक : मूठभर शेंगदाणे घ्या. दहा-दहाचे ढीग करायला सांगा. चार ढीग आणि सात सुटे झाले, की मगच 47 लिहायचे.

2. अपूर्णांक : एका भाकरीचे तीन सारखे भाग करा, तेवढ्याच दुसरीचे चार. कोणता तुकडा मोठा? चार हा अंक मोठा, म्हणून पाव मोठा असं बऱ्याच मुलांना वाटतं. ताटात बघितलं की गोंधळ मिटतो.

3. वाचन : मिठाची पिशवी, साबणाचं वेष्टन वाचायला द्या. बाजाराची यादी मुलालाच लिहू द्या.

पंधरा मिनिटं पुरे. उत्तर चुकलं तर रागावू नका. "कसं काढलंस?" एवढंच विचारा. मूल सांगता सांगता बऱ्याचदा स्वतःच चूक पकडतं. घरीही ओरडा बसला, तर ते चूक लपवायला शिकतं आणि मग आपल्याला ती वर्गातही सापडत नाही.

शिक्षकांनो, एक विनंती आपल्यालाही आहे. या उपक्रमांचे फोटो व्हॉट्सॲपवर मागू नका. फोटो मागितला की ढीग आई लावते आणि मूल नुसतं शेजारी उभं राहतं. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी वर्गात मुलालाच करून दाखवायला सांगा.

"मग लेखी सराव कधी?" असं काही पालक विचारतात. सराव हवाच, पण समजल्यानंतर. न समजता शंभर गणितं उतरवून काढली, तर फक्त वही भरते.

त्या आईचा मुलगा आता तिला जुड्यांचा हिशोब वहीत लिहून दाखवतो आणि ती तो तपासते. आपल्याला काही येत नाही असं समजणाऱ्या आईला लेकराच्या अभ्यासात मान मिळाला, हे मला गुणांपेक्षा मोठं वाटतं. तुम्हीही करून बघा.