संकल्प वर्षाचा, बचत महिन्याची

वर्षभरात अमुक इतकी रक्कम बाजूला टाकावयाचीच, असा संकल्प एकदाही न केलेला पगारदार मनुष्य आपल्या मध्यमवर्गात विरळाच सापडेल. हा संकल्प एप्रिलात होतो. जूनमध्ये मुलांच्या शाळा-महाविद्यालयांच्या शुल्काने त्याला पहिला धक्का बसतो. गणपती-दिवाळीच्या धामधुमीत तो विस्मरणात जातो आणि जानेवारी-फेब्रुवारीत कार्यालयातील लेखापाल गुंतवणुकीचे पुरावे मागू लागला, की त्याची एकदम आठवण होते. मग कोठून तरी उसनवारी करून, प्रसंगी नको असलेली एखादी विमा पॉलिसी गळ्यात बांधून घेऊन, संकल्प कागदोपत्री सिद्धीस नेला जातो. या साऱ्याचा निष्कर्ष आपण दरवर्षी एकच काढतो : आपल्या अंगी निश्चय नाही. हे निदान चुकीचे आहे, असे मला वाटते. बारा महिने टिकेल असा निश्चय फारच थोड्यांच्या अंगी असतो. प्रश्न आहे तो आपण बचतीची सारी भिस्त निश्चयावर का ठेवतो, हा.

करसवलतीची कुबडी

हा प्रश्न आजच उपस्थित करण्याला एक कारण आहे. आपल्याकडील पगारदारांच्या बचतीला आजवर आयकराचा मोठा आधार होता. १९६१ च्या आयकर कायद्यातील ८०-सी या कलमाखाली २००५ पासून एक लाख रुपयांपर्यंतच्या आणि २०१४ पासून दीड लाख रुपयांपर्यंतच्या गुंतवणुकीवर वजावट मिळू लागली. ‘दीड लाख’ हा आकडा त्यामुळे असंख्य घरांत बचतीचे वार्षिक लक्ष्य होऊन बसला. तो कोणी आपल्या गरजांचा हिशोब करून ठरविलेला नव्हता. तो अर्थमंत्र्यांनी ठरवून दिलेला होता. तथापि तो होता, आणि त्याच्या धाकाने का होईना, भविष्य निर्वाह निधीत व राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रांत पैसा पडत होता.

२०२० च्या अर्थसंकल्पात पर्यायी करपद्धती आली. २०२३-२४ या वर्षापासून तीच मूळ पद्धती मानली जाऊ लागली आणि २०२५ च्या अर्थसंकल्पाने तिच्याखाली बारा लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर प्रत्यक्ष कर भरावा लागू नये अशी तरतूद केली. या पद्धतीत ही वजावट नाही. जुनी पद्धती निवडणाऱ्यांना ती मिळत असली, तरी बहुसंख्य शिक्षकांच्या व कारकुनांच्या दृष्टीने तिचे प्रयोजन उरलेले नाही. कर वाचला ही आनंदाचीच गोष्ट होय. पण कराबरोबर बचतीचा धाकही गेला, याची नोंद फारशी कोणी घेतलेली दिसत नाही. मार्चमध्ये पुरावे मागणारा लेखापाल यापुढे गप्प राहील. वाचलेला कर आणि न केलेली बचत या दोन्ही रकमा हप्त्यावर घेतलेल्या भ्रमणध्वनीत वा मोटारसायकलीत केव्हा विरून गेल्या, हे कळणारही नाही.

ही भीती अनाठायी नव्हे. करोनाच्या २०२०-२१ या वर्षात भारतीय कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या साडेअकरा टक्क्यांच्या आसपास गेली होती. खर्च करावयाला वावच नव्हता, म्हणून ती फुगली हे खरे. परंतु २०२२-२३ मध्ये ती पाच टक्क्यांच्या जवळपास घसरली, आणि ही पातळी कित्येक दशकांतील नीचांकी होती. कर्ज काढून केलेली खरेदी हे या घसरणीचे एक प्रमुख कारण होते.

शिलकीचे गणित

आपल्या बचतीचे गणित बहुधा असे असते : पगार आला, खर्च झाला, उरले ते शिल्लक. या गणितात बचत ही सर्वांत शेवटी येणारी, म्हणजेच सर्वांत दुबळी मागणीदार असते. किराणा, वीजबिल, घराचा हप्ता, पाहुणे, लग्नातील अहेर या सर्वांचे देणे त्या त्या दिवशी दारात उभे असते. बचतीचे देणे मात्र कोणीच मागावयाला येत नाही. शिवाय लक्ष्य वर्षाचे, आणि उत्पन्न महिन्याचे! वर्षअखेरीस अठ्ठेचाळीस हजार जमवावयाचे, तर महिना चार हजार पुरतात. परंतु एप्रिल ते ऑक्टोबर हे सात महिने ‘पुढे बघू’ म्हणून कोरडे गेले, तर उरलेल्या पाच महिन्यांत दरमहा नऊ हजार सहाशे टाकावे लागतात. तेथे निश्चय खचतो, आणि तो खचला यात नवल काहीच नाही.

जॉन मेनार्ड केन्सने १९३६ सालच्या आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथात मनुष्य बचत का करतो याचे आठ हेतू सांगितले आहेत. अडीअडचणीची तरतूद, पुढील गरजांची दूरदृष्टी, व्याजाचा हिशोब, उत्तरोत्तर सुधारत जाणारे राहणीमान, स्वातंत्र्याची भावना, उद्योगासाठी भांडवल, वारसांसाठी मत्ता ठेवण्याचा अभिमान आणि निव्वळ कृपणता. या यादीत ‘कर वाचविणे’ नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आपण ज्याला हेतू समजत होतो, ते केवळ निमित्त होते. आता निमित्त गेल्यावर प्रत्येकाला या आठांपैकी आपला हेतू कोणता, हे स्वतःशी ठरवावे लागेल. मला विचाराल, तर अल्प पगाराच्या मनुष्यासाठी यांतील पाचवा हेतू सर्वांत मोलाचा. सहा महिन्यांचा खर्च ज्याच्या गाठीला आहे, त्याला सावकारापुढे वा वरिष्ठापुढे मान तुकवावी लागत नाही.

दारावर येणारी बचत

हेतू पटला, तरी तो बारा महिने तेवत कसा ठेवावयाचा? याचे उत्तर आपल्याच समाजाने फार पूर्वी शोधले आहे. उडुपीच्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटने, म्हणजे पुढील सिंडिकेट बँकेने, टी. एम. ए. पै यांच्या पुढाकाराने १९२८ साली पिग्मी ठेव सुरू केली. बँकेचा माणूस रोज दारावर येई आणि दोन आण्यांसारखी क्षुल्लक रक्कमही घेऊन जाई. ‘पिग्मी’ हा शब्द आज महाराष्ट्रातील प्रत्येक बाजारपेठेत मराठीच होऊन बसला आहे. पोस्टाच्या आवर्त ठेवीचे हप्ते घरोघरी व कार्यालयांतून गोळा करणाऱ्या महिला प्रतिनिधींची योजना १९७२ सालची. सेवकांच्या पतपेढीची वर्गणी पगारपत्रकातच कापली जाते. भिशीत एखाद्याचा हप्ता चुकला, तर दहा जणांसमोर मान खाली घालावी लागते. बचत गटांत तर हप्ता चुकविणारीला दंडच होतो.

या सर्व व्यवस्थांत एक समान सूत्र आहे. भिशीवर व्याज मिळत नाही, पिग्मीवर ते अल्पच असते. तरीही लोक त्यांत टिकून राहतात. कारण बचत तेथे ठरल्या दिवशी मागावयाला येते आणि तिला साक्षीदार असतो. निश्चयाचे काम व्यवस्था करते. भिशी बुडविणारे महाभाग असतात, आणि पतसंस्थेतील ठेवींना बँकांतील ठेवींप्रमाणे पाच लाखांपर्यंतचे विमासंरक्षण नसते, हे अर्थातच विसरून चालणार नाही. घ्यावयाची ती शिस्त. पैसा सुरक्षित जागीच ठेवावा.

आधुनिक अर्थशास्त्रही फिरून याच ठिकाणी आले आहे. फिलिपिन्समधील एका बँकेने आपल्या काही खातेदारांना असे खाते देऊ केले, की त्यांनी स्वतः ठरविलेली तारीख वा रक्कम गाठेपर्यंत त्यातून पैसे काढता येऊ नयेत. त्यावरील २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की ज्यांच्यापुढे हे खाते ठेवले गेले त्यांची सरासरी शिल्लक, ज्यांच्यापुढे ते ठेवले नव्हते त्यांच्या तुलनेत, वर्षभरात ऐंशी टक्क्यांहून अधिक वाढली. दिलीप सोमण व अमर चीमा यांनी २०११ साली भारतातील ग्रामीण मजुरांवरील प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. बचतीची रक्कम बंद पाकिटात ठेवली आणि पाकिटावर मजुराच्या मुलांचे छायाचित्र लावले, तर बचत वाढते. एका पाकिटाऐवजी ती दोन पाकिटांत विभागली, तरीही वाढते. कारण स्पष्ट आहे. निनावी पैशाला हात घालणे सोपे असते, मुलीच्या प्रवेशासाठी म्हणून ठेवलेल्या पैशाला घालणे अवघड जाते.

वर्षाचे चार भाग

या साऱ्यातून निघणारे व्यावहारिक नियम थोडे आहेत. पहिला, बचतीला नाव द्यावे. ‘अठ्ठेचाळीस हजार’ हे नाव नव्हे. ‘आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया’ हे नाव होय. दुसरा, पगाराच्या दिवशीच रक्कम खात्यातून आपोआप वळती होईल अशी सूचना बँकेला द्यावी. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत महिन्याच्या पाच तारखेनंतर भरलेल्या रकमेवर त्या महिन्याचे व्याज मिळत नाही. पाचच्या आत पैसे भरण्याची सवय तेवढ्यासाठी तरी लावून घ्यावी.

तिसरा नियम पंचांगाचा. आपले बारा महिने सारखे नसतात, मग हप्ते तरी सारखे का असावेत? शाळा उघडण्याचा, गणपतीचा व दिवाळीचा अशा तीन महिन्यांत अडीच हजार आणि उरलेल्या नऊ महिन्यांत साडेचार हजार टाकले, तरी अठ्ठेचाळीस हजारच होतात. ठरवून कमी टाकणे आणि हप्ता चुकणे यांत फरक आहे. पहिल्याने संकल्प वाकतो, दुसऱ्याने तो मोडतो.

चौथा नियम म्हणजे वर्षाचे चार भाग करणे. क्लार्क हल या मानसशास्त्रज्ञाला १९३० च्या दशकातील प्रयोगांत असे आढळले होते, की उंदीर खाद्याच्या जवळ येईल तसतसा अधिक वेगाने धावतो. मनुष्याचेही फारसे निराळे नाही. हुरूप असतो तो आरंभी आणि अखेरीस. मधला पल्ला मात्र रखडत पार पडतो. दर तीन महिन्यांनी एक मुक्काम असला, की मधला पल्ला आखूड होतो. त्या दिवशी पासबुक भरून घ्यावे आणि घरातील दुसऱ्या कोणाला तरी दाखवावे. साक्षीदाराचे काम पत्नी, पती वा कॉलेजात जाणारा मुलगा उत्तम रीतीने करू शकतो.

पाचवा नियम वाढीव उत्पन्नाचा. रिचर्ड थेलर व श्लोमो बेनार्त्झी यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कर्मचाऱ्यांकडून पुढील पगारवाढींतील काही हिस्सा बचतीत टाकण्याची आगाऊ संमती घेतली होती. चाळीस महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या साडेतीन टक्क्यांवरून साडेतेरा टक्क्यांवर गेली. आपल्याकडील सरकारी व अनुदानित सेवकांना महागाई भत्त्याची वाढ जानेवारी व जुलैपासून लागू होते आणि तिचा फरक पुढे एकरकमी हाती पडतो. हाती न आलेल्या पैशाचा त्याग करणे सोपे असते. फरकाचा निम्मा भाग बचतीत जाईल, हे आजच ठरवून टाकावे.

ज्यांना उरतच नाही त्यांचे काय?

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. तासिका तत्त्वावर काम करणारे प्राध्यापक, कंत्राटी लिपिक, मानधनावरील शिक्षणसेवक यांना बचतीचा उपदेश करणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणेच नव्हे काय? प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ साली सहा हजारांवरून सोळा हजार झाले. परंतु शहरात खोलीचे भाडे भरून सोळा हजारांत काय उरते, हे सांगावयाला अर्थशास्त्राची पदवी नको. तुटपुंज्या व अनिश्चित वेतनाचा प्रश्न बचतीच्या युक्त्यांनी सुटणारा नाही. तो वेतनाचाच प्रश्न आहे आणि तो सरकारच्या दारातच मांडला पाहिजे. तथापि ज्याचे उत्पन्न अनिश्चित, त्यालाच शिलकीची गरज सर्वाधिक, हेही तितकेच खरे. अशांनी ठराविक रकमेऐवजी ठराविक हिस्सा धरावा. आलेल्या प्रत्येक शंभर रुपयांतील पाच रुपये बाजूला पडले, की मानधन तीन महिने रखडले तरी संकल्प चुकला असे होत नाही. विद्यार्थ्यांनाही हाच मार्ग. पोस्टाची आवर्त ठेव दरमहा शंभर रुपयांतही उघडता येते. जमणारी रक्कम लहान असेल, पण लागणारी सवय लहान नसते.

महागाई व्याज खाऊन टाकते, मग साठवावे कशाला, हा दुसरा आक्षेप. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा व्याजदर नव्वदच्या दशकात बारा टक्के होता, तो एप्रिल २०२० मध्ये ७.१ टक्क्यांवर आला, हे सत्य आहे. परंतु महागाईने शिलकीची किंमत थोडी घटते. शिलकीच्या अभावी अडीनडीला घ्यावे लागणारे कर्ज त्याच्या कितीतरी पट महाग पडते. बचत कोठे गुंतवावी हा पुढचा प्रश्न झाला. तो पडावयालाही आधी बचत असावी लागते.

आपल्या आधीच्या पिढीतील पुष्कळांना निवृत्तिवेतनाची हमी होती. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्याच्या सेवेत आलेल्यांची जुनी हमी गेली आणि निवृत्तीची तजवीज बव्हंशी अंशदानाच्या पायावर आली. पुढे काही बदल झाले, मागण्या चालू आहेत. खाजगी नोकरीतील बहुसंख्यांना तर अशी हमी कधीच नव्हती. एकीकडे वृद्धापकाळाची हमी सैल झाली, दुसरीकडे बचतीला लावणारा करसवलतीचा धाकही गेला. या दोहोंच्या मध्ये आजचा पगारदार उभा आहे. त्याने वर्षाच्या संकल्पाची घोषणा करण्यापेक्षा येत्या पगाराच्या तारखेला पहिला हप्ता वळता करावा. उरलेले अकरा त्याच्या मागून येतील.