डार्करूम की डिजिटल? प्रश्न निवडीचा नाही, जपणुकीचा!

छायाचित्रणातला फिल्मचा अध्याय संपला, असे गृहीत धरून आपण मोकळे झालो होतो. परंतु २०१८ मध्ये कोडॅकची एक्टाक्रोम फिल्म पुन्हा बाजारात आली, कृष्णधवल फिल्म बंद करणाऱ्या फुजीने २०१९ मध्ये नवी ॲक्रॉस काढली आणि २०२४ मध्ये 'पेंटॅक्स १७' हा नवा फिल्म कॅमेराही अवतरला. साहजिकच, डार्करूम श्रेष्ठ की डिजिटल, हा जुना वाद पुन्हा रंगू लागला आहे. दुर्दैव असे की, दोन्ही बाजू भलत्याच मुद्द्यांवर भांडत आहेत.

डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना १९७५ मध्ये स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने बनवला, तो कोडॅकमध्येच. एक चित्र कॅसेटवर नोंदवायला त्याला २३ सेकंद लागत. त्याच कोडॅकने २००५ मध्ये कृष्णधवल छपाईचा कागद बंद केला आणि २०१२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. आपल्याकडे उटीला १९६० मध्ये स्थापन झालेली 'हिंदुस्थान फोटो फिल्म्स' ही सरकारी कंपनी 'इंदू' या नावाने फिल्म आणि कागद पुरवत असे. तीही अखेर बंद पडली. थोडक्यात, डार्करूम कोणी विचारपूर्वक नाकारली नाही. बाजाराने माल थांबवला आणि तिची दारे आपोआप लागली.

डार्करूमचे भक्त म्हणतात, फिल्म खरे बोलते, संगणक खोटे. हा दावा टिकणारा नाही. एन्लार्जरखाली हाताने प्रकाश अडवून एखादा भाग उजळ ठेवणे, दुसऱ्याला जास्त प्रकाश देऊन तो गडद करणे, हे प्रत्येक चांगला छापणारा करत आला आहे. ॲन्सेल ॲडम्सचे १९४१ चे 'मूनराइज, हर्नांडेझ' घ्या. निगेटिव्ह एकच, पण नंतरच्या प्रतींमध्ये आकाश अधिकाधिक काळे होत गेले. स्टालिनच्या राजवटीत नकोसे झालेले सहकारी छायाचित्रांतून नाहीसे होत, तेव्हा संगणक कुठे होता?

दुसऱ्या बाजूचा समजही तितकाच पोकळ. डिजिटल म्हणजे रसायनांपासून सुटका, असे मानले जाते. प्रत्यक्षात अनेक कलर लॅबमध्ये मोबाइलवरचा फोटोही लेझरच्या प्रकाशाने चांदीच्या क्षारांच्या कागदावरच उमटवला जातो आणि रसायनांतूनच बाहेर येतो. फक्त ती अंधारखोली आता यंत्राच्या पोटात गेली आहे.

डार्करूमची किंमत मात्र नाकारता येणार नाही. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरते. तो गटारात ओतणे हा गुन्हाच मानायला हवा. टिकाऊ फायबर कागद नीट धुवायला वाहते पाणी बराच वेळ लागते आणि ज्या राज्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते तिथे हा प्रश्न क्षुल्लक नाही. वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराने रात्री आठची सभा टिपून पुन्हा ट्रेमध्ये कागद हलवत बसावे, असेही कोणी म्हणणार नाही. रोजच्या कामात डिजिटल जिंकले, ते योग्यच झाले.

खरा प्रश्न आहे तो पन्नास वर्षांनंतरचा. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार मानल्या जाणाऱ्या होमाई व्यारावाला यांनी १९७० मध्ये कॅमेरा खाली ठेवला. चार दशकांनी, २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले, ते शक्य झाले कारण चित्रे वस्तुरूपाने शिल्लक होती. निगेटिव्ह उजेडासमोर धरली की दिसते. तिला पासवर्ड लागत नाही. याउलट वीस वर्षांपूर्वीच्या लग्नाची सीडी आज लावायची कुठे, हा प्रश्न घरोघरी आहे.

अर्थात, फिल्म म्हणजे अमरत्व नव्हे. पुण्यात २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेट फिल्मचा मोठा साठा भस्मसात झाला. डिजिटल फाइलच्या हुबेहूब दहा प्रती दहा गावी ठेवता येतात, मूळ निगेटिव्ह मात्र एकच. म्हणजे निगेटिव्ह दुर्लक्षातही काही काळ तग धरते, पण आगीत संपते. फाइल आगीतून वाचू शकते, पण दुर्लक्षात मरते. दोघींना राखणदार लागतोच.

म्हणून उत्तर 'हे की ते' असे नाही. टिपावे डिजिटलवर, पण जे जपायचे ते निवडून उत्तम कागदावर छापावे. जुन्या निगेटिव्ह स्कॅन कराव्यात, मात्र स्कॅन झाल्या म्हणून फेकू नयेत. कलामहाविद्यालयांनी निदान एक डार्करूम चालू ठेवावी. तिथे विद्यार्थी शिकतो ते प्रकाश मोजायला आणि एका चित्रासाठी थांबायला. आणि सर्वांत निकडीचे म्हणजे, तालुक्याच्या गावांतले जुने स्टुडिओ बंद होत असताना त्यांच्या निगेटिव्हचे खोके भंगारात जाण्याआधी जिल्ह्याच्या संग्रहालयांनी मागून घ्यावेत. त्या खोक्यांत राजे-महाराजे नाहीत. शाळेचे वर्ग आहेत, नवी जोडपी आहेत, पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर बसलेल्या आज्या आहेत. ज्यांचा इतिहास कोणी लिहिला नाही, त्यांचा तेवढाच पुरावा उरला आहे. तो कोणत्या तंत्राने टिकतो याला महत्त्व नाही. टिकवायचा आहे की नाही, एवढे मात्र आत्ताच ठरवावे लागेल.