परत कशावरून याल?

लेकीचें बाळंतपण जवळ आलें कीं डिंक, अळीव, मेथ्या यांची जमवाजमव सुरू व्हावयाची, ही आपल्या घरांतील जुनीच रीत. परंतु लेक जर अमेरिकेंत असेल, तर डिंकाच्याही आधीं एका कागदाची चिंता करावी लागते. तो कागद म्हणजे व्हिसा. यवतमाळ, वणी, पुसद, उमरखेड येथील किती तरी सुशिक्षित कुटुंबांना या कागदानें आजवर मनस्ताप दिला आहे. त्याचें मूळ कोठें आहे आणि घरानें त्यावर काय करावें, याचा आज थोडा विचार करूं.

प्रथम पारपत्र आणि व्हिसा यांतील भेद ध्यानांत घ्यावा. पारपत्र आपलें सरकार देतें. यवतमाळ जिल्हा त्यासाठीं नागपूरच्या कचेरीच्या अखत्यारींत येतो. परदेशीं जाण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमांतील व्यक्तिस्वातंत्र्यांतच मोडतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९६७ सालीं दिला आणि पारपत्राचा कायदाही त्याच वर्षीं झाला. व्हिसाची गोष्ट वेगळी आहे. आपल्या घराबाहेर पडण्याचा हक्क आपणांस आहे. दुसऱ्याच्या घरांत शिरण्याचा नाहीं.

हें दुसऱ्याचें दार कसें उघडतें, तें पाहावें. अमेरिकेच्या १९५२ सालच्या कायद्यांतील २१४ (ब) या कलमाप्रमाणें, पाहुणा म्हणून येऊं इच्छिणारा प्रत्येक अर्जदार कायमचा राहावयासच येत आहे, असें अधिकाऱ्यानें आरंभीं गृहीत धरावयाचें असतें. तसें नाहीं, हें सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर असतो. ज्या गृहस्थानें जन्मभर न्यायाधीशापुढें ‘आरोप करणाऱ्यानें पुरावा द्यावा’ असें सांगितलें, त्या वकिलालाही येथें स्वतःचाच पुरावा द्यावा लागतो.

या पुराव्यासाठीं केवढा खटाटोप! अर्ज भरतांना सासरचें नांव एका दाखल्यावर, माहेरचें दुसऱ्यावर. जन्मतारीख शाळेंत घातलेली एक, पत्रिकेंतील दुसरी. फी २०२३ सालीं १८५ डॉलर झाली. व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाहीं. नंतर धामणगावला गाडी पकडून मुंबईस जावें, एके ठिकाणीं बोटांचे ठसे द्यावे आणि मग वांद्रे-कुर्ला संकुलांतील वकिलातींत मुलाखतीस उभें राहावें. २०२२ च्या अखेरीस तर प्रथमच अर्ज करणाऱ्या पाहुण्यांना या मुलाखतीसाठीं दोन वर्षांहून अधिक थांबावें लागत होतें. येणारें बाळ एवढें कोठून थांबणार?

बरोबर नेलेल्या पिशवींत सातबारा, ठेवींच्या पावत्या, निवृत्तिवेतनाचा कागद, घराची कर-पावती असें सारें असतें. पुष्कळदां ती पिशवी उघडलीही जात नाहीं. खिडकीपलीकडून दोनचार प्रश्न येतात आणि कांहीं मिनिटांत निकाल लागतो. नकार मिळाला तर त्यावर अपील नाहीं. पुनः फी भरून पुनः अर्ज करावा, इतकेंच.

नकारानंतर खरा ताप घरांत सुरू होतो. ‘तुम्ही नीट बोलला नसाल,’ असें एकानें म्हणावें. व्याहीमंडळींना व्हिसा मिळाला असल्यास सुनेनें मान खालीं घालावी. हें सर्वथा अनुचित आहे. हा नकार कोणाच्या अब्रूचा निवाडा नव्हे. १९१८ सालीं विलायतेस निघालेल्या लोकमान्यांच्या शिष्टमंडळाचीं पारपत्रें सरकारनें वाटेंतच रद्द केलीं होतीं. त्यामुळें लोकमान्यांची योग्यता रतिमात्रही उणावली नाहीं. त्यापूर्वीं, ७ एप्रिल १८८३ रोजीं आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, तेव्हां त्यांना व्हिसा लागला नव्हता. त्यांची वाट अडवीत होता तो आपलाच समाज. आज समाजानें वाट मोकळी केली आहे, तर कडी पलीकडच्या दाराला आहे.

व्यवहाराच्या चार गोष्टी सांगणें अवश्य आहे. व्हिसा हातीं येण्यापूर्वीं तिकीट काढूं नये. अर्ज बहुधा परदेशांतील मुलगा भरतो आणि त्यांत काय लिहिलें आहे, हें आईला ठाऊकच नसतें. म्हणून तो तिला मराठींत वाचून दाखवावा. मुंबईंत मराठींतूनही मुलाखत देतां येते. मोडक्या इंग्रजीचा हट्ट नको. बाळंतपणासाठीं जात असल्यास तसेंच सांगावें. खोटे कागद करून देणाऱ्या दलालाच्या नादीं तर मुळींच लागूं नये. असत्य उघडकीस आल्यास तें दार जन्माचें बंद होऊं शकतें.

परंतु या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. ‘तुम्ही परत कशावरून याल?’ हा प्रश्न अपमानाचा वाटतो खरा. पण तो इतका झोंबतो कां, याचा विचार करावा. ज्या घरांत थोरले दीर, जाऊबाई, शाळेंत जाणारीं नातवंडें आहेत, तेथील आजी चटकन म्हणते, ‘माझें सगळें तेथें आहे.’ ज्या घरांतील तिन्ही मुलें परदेशीं गेलीं आणि वाड्यांत दोन वृद्ध जीव तेवढे उरले, तेथील आजी मात्र क्षणभर अडखळते. तिचें मन खोटें नसतें. उत्तर तिचें तिलाच ठाऊक नसतें.

तो प्रश्न मुंबईच्या खिडकीवर प्रथमच तिच्या कानीं पडूं नये. आईवडिलांनीं उतारवयांत कोठें राहावें, परत आल्यावर त्यांच्याजवळ कोण असेल, दुखण्याखुपण्याला कोण धांवून येईल, हें मुलांनीं अर्ज भरण्यापूर्वीं त्यांच्यापाशीं बसून ठरवावें. व्हिसा मिळो वा न मिळो, हा निर्णय प्रत्येक घराला करावाच लागणार आहे. तो वेळीं केला, तर आजी मुंबईला जातांना निदान आपलें उत्तर बरोबर घेऊन जाईल.